‘कशी झालीय?’ असं विचारू नका

“मॅडम, हाताने काहीतरी करायला खूप आवडतं, पण सुचतच नाही. आणि केलंच, तर कुणाला दाखवायचा धीर होत नाही.” क्रोशा, कापडी पिशव्या, मातीचे दागिने, गोधड्या... वस्तू बदलते, तक्रार हीच. समुपदेशक म्हणून इतक्या जणींकडून ऐकली की एका केसबद्दल लिहावंच असं ठरवलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. त्यांना आपण ताई म्हणू.

ताईंनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. आईच्या सुती साड्यांची गोधडी शिवायची, हे कधीपासून मनात होतं. फोनमध्ये पिंटरेस्टवरचे शेकडो फोटो. “यातलं सगळ्यात आवडतं कुठलं?” मी विचारलं. बराच वेळ बोट फिरवून त्या म्हणाल्या, “सगळ्याच माझ्यापेक्षा चांगलं करतात हो.”

प्रेरणेसाठी उघडलेल्या फोनची तासाभरात गुणपत्रिका व्हायची, ती अशी.

मग मी त्यांना कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी, म्हणजे मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या बायकांबद्दल सांगितलं. हल्याळ, यल्लापूरकडे त्या जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात. आधी कागदावर चित्र वगैरे काही नाही. कडेपासून तुकडे लावत, धावदोरा घालत आत यायचं. पुढचा रंग कुठला, ते समोरच्या ढिगात काय आहे त्यावर ठरतं. कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची ‘फुलं’ लावली की काम पुरं. “फोन दुसऱ्या खोलीत ठेवा,” मी म्हटलं, “तीन साड्या काढा आणि कापायला बसा. सुचलं नाही तरी बसा.” सुचण्याची वाट बघत बसणाऱ्यांना मी हेच सांगते. हात कापडात गेल्याशिवाय डोकं चालत नाही.

गोधडी सुरू झाली. खरी गाठ पुढे होती.

“नवरा ‘छान’ म्हणतो, मुलगी व्हॉट्सॲपवर बदाम पाठवते, भिशीतल्या म्हणतात, ‘किती गं हौस!’ खरं कुणी बोलतच नाही. आणि कुणी खोट काढली, तर दोन दिवस सुई हातात धरवत नाही.”

“तुम्ही त्यांना विचारता काय?”

“हेच... कशी झालीय?”

“यावर कुणी ‘वाईट’ म्हणालं, तर गोधडीत काय सुधारायचं ते तुम्हाला कळेल?”

ताई गप्प. मग हळूच म्हणाल्या, “नाही. मी वाईट आहे, एवढंच कळेल.”

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या विवेकनिष्ठ पठडीतली. त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या आपल्या विचारांमुळे होतो, असं ही पठडी मानते. लोकांनी वाखाणावं ही इच्छा रास्तच आहे. तिची अट झाली की सुई अडते. तरुणपणी नकाराची भीती घालवायला एलिस न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन अनोळखी बायकांशी बोलत असत, हा किस्सा मी अशा वेळी हमखास सांगते. ताईंना बागेत नाही, पण गोधड्या शिवून देणाऱ्या एका मावशींकडे पाठवलं. अटी दोनच. काम अर्धवट असतानाच न्यायचं, म्हणजे उसवता येईल. आणि एकच प्रश्न विचारायचा, तोही बोट ठेवून.

पुढच्या वेळी ताई आल्या त्या बोलतच.

“मावशींनी गोधडी आधी उलटी केली. वरची नक्षी बघितलीसुद्धा नाही! मी विचारलं, इथे मध्ये चुणी का पडतेय? त्यांनी तळहात फिरवला आणि म्हणाल्या, ‘कडंनं शिवत आलीस, कापड ढिलं ऱ्हायलं, ते सगळं मधी गोळा झालं. आधी मधनं बाहेर कच्चे टाके घाल, वीत वीत सोडून. मग शिव.’ अर्धी उसवायला लावली.”

“वाईट वाटलं?”

ताई थांबल्या. “नाही वाटलं. कसं काय नाही वाटलं? चुणीबद्दल बोलत होत्या त्या. माझ्याबद्दल नाही.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडात घातलं नव्हतं. त्यामुळेच आजही त्याचा आनंद वाटतो. क्लुगर आणि डिनीसी या संशोधकांनी १९९६ साली अभिप्रायांवरच्या शेकडो निष्कर्षांचा एकत्र अभ्यास केला. एक-तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायाने काम बिघडलेलं दिसलं. लक्ष कामावरून उडून स्वतःकडे वळलं की अभिप्रायाचा उपयोग घटतो, असं त्यांचं म्हणणं. ‘कशी झालीय?’ नेमकं तेच करतं. ‘इथे चुणी का?’ म्हटलं की दोघींची नजर कापडावर जाते.

तेव्हा कौतुक हवं असेल तर घरच्यांकडे सरळ मागा, त्यात कमीपणा नाही. खोट विचारायची ती जाणकाराला, आणि एका वेळी एकच. उत्तर आलं की आधी बघा, ते तपासता येतं का? चुणी हात फिरवून तपासता येते. ‘रंग भडक आहे’ ही आवड झाली. ती ऐकावी, पटली तर घ्यावी. जवळ मावशी नसतील, तर फोटो पाठवताना उलट्या बाजूचाही पाठवा आणि सोबत नेमका प्रश्न लिहा.

मावशींनी राणी रंगाचा काठ बदलायला सांगितला होता. ताईंनी तो ठेवला. “आईची आवडती साडी होती,” त्या म्हणाल्या, “तिथे मी मावशींचंही ऐकणार नाही.” जाऊबाई गोधडी बघून म्हणाल्या, “एवढी मेहनत कशाला? ब्लँकेट स्वस्त मिळतं.” ताई म्हणाल्या, “हो, मिळतं की,” आणि दुसऱ्या गोधडीसाठी त्यांच्याकडूनच दोन जुन्या साड्या मागून घेतल्या.