सांगाड्यातून डीएनएसाठी नमुना घेताना

पहिलं म्हणजे हाड धुऊ नका, मातीसकट राहू द्या. पाण्याने उरलासुरला डीएनए जातो आणि बाहेरचा आत शिरतो. हातमोजे दुहेरी घाला, वरचा जोड दर नमुन्याला बदला. मास्क हवाच, उत्खननाच्या खड्ड्यावर वाकून गप्पा मारणारे सगळ्यात जास्त घोळ घालतात.

कवटीच्या तळाशी, आतल्या कानाभोवतीचं पेट्रस हाड सर्वांत घट्ट, डीएनए त्यात जास्त टिकतो. आधी तेच जपा. भुगा होतोय म्हणून त्यावर पातळ फेविकॉल ओतू नका. ओलं हाड प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलं की बुरशी धरते; सावलीत सुकवून थंड जागी ठेवा.

आपल्या उष्ण हवेत डीएनए लवकर नासतो, अपेक्षा बेताचीच ठेवा. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन स्थळाचे साठाहून अधिक नमुने तपासले, २०१९ मध्ये जीनोम (डीएनएचा आराखडा) छापून आला तो एकाच व्यक्तीचा.