मशीन लपवून नीटची तयारी होत नाही

प्रश्न : मुलगी अकरावी सायन्सला आहे. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. सातवीत कानाचं मशीन घेतलं, पण ते सारखी शिट्टी मारतं, मुलं हसतात. पुढे स्थळंही बघायची आहेत, म्हणून मीच सांगितलं, बाहेर जाताना काढून ठेव. तसं ऐकू येतं तिला, हाक मारली की ओ देते; लक्षच नसतं. फिजिक्सला नापास झाली. दिव्यांगाचा दाखला काढला तर ठप्पा बसेल. नीटचा क्लास बदलावा का? मी यंत्रमागावर जॉबर आहे, माग जुळवायचं-दुरुस्तीचं काम.
– एक पालक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : क्लास राहू द्या. मशीन आधी कानावर येऊ द्या.

तुमच्या पत्रात मार्क आहेत, क्लास आहे, स्थळंसुद्धा आहेत. मुलीला काय व्हायचंय, ते मात्र कुठेच नाही. अकरावीतल्या पोरीच्या स्थळांचा विषय घरात निघतोच कसा, हा माझा वेगळा राग. पण 'हे लोकांना दिसू देऊ नकोस' असं जिला बापच सांगतो, ती वर्गात हात वर करून 'सर, परत सांगा' म्हणणार नाही. मान डोलावेल आणि घरी येईल.

हाक मारली की ओ देते, हे खरंच असणार. त्यावरून 'लक्ष नसतं' म्हणणं चूक. तिचा ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, काढून बघा. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक; रेघ जितकी खाली, तितकं ऐकू कमी. पुष्कळांची रेघ उजवीकडे घसरते. आ, ओ हे स्वर जाड आणि जोरकस, ते पोचतात. स, श, फ, थ बारीक आणि हलके, ते गळतात. म्हणून घरात हाक कळते आणि वर्गात सरांचं 'साठ' तिला 'आठ' ऐकू येतं. त्यात सर फळ्याकडे वळले की ओठही दिसत नाहीत, डोक्यावर पंखा घरघरतो. रीत बरोबर, आकडा चुकीचा, मार्क शून्य. ओरडून सांगितल्यानं फरक पडत नाही. ओरडताना स्वरच मोठे होतात.

शिट्टीवर इलाज आहे. मशीनचा कानात बसणारा सातवीतला साचा आता सैल झाला असणार. फटीतून निसटलेला आवाज माईकमध्ये परत शिरतो आणि शिट्टी वाजते. कानात मळ असला तरी वाजते. आधी मळ काढून घ्या, मग ऑडिओलॉजिस्टकडे (ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडे) नवी तपासणी, नवा साचा, नवं सेटिंग. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाचं पाणी मशीनच्या नळीत साचतं, म्हणून रात्री बॅटरीचं झाकण उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. बॅटरीचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग ती बसवा. वर्गात पहिला-दुसरा बाक, पंख्यापासून लांब.

दाखला कुणी कपाळावर चिकटवत नाही. वापरायचा की नाही, ते ती ठरवेल. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. २०१६ च्या कायद्यानुसार दोन्ही कानांच्या ऐकण्यात ६० डेसिबल (आवाज मोजायचं एकक) किंवा जास्त तूट असेल तर ती दिव्यांगांत बसते. आरक्षणासाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागतं. सरकारी आणि अनुदानित संस्थांत उच्च शिक्षणाच्या ५ टक्के जागा, केंद्र-राज्याच्या नोकऱ्यांत ४ टक्के, त्यातला १ टक्का ऐकू न येणाऱ्यांसाठी. बोर्डाच्या पेपरला जादा वेळही मिळतो. कॉलेजमार्फत वेळेत अर्ज करा.

नीट तिला द्यायची असेल तर जरूर द्यावी. केवळ ४० टक्क्यांवर दिव्यांगत्व आहे म्हणून एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. बारावी सायन्सनंतर ऑडिओलॉजीची बीएएसएलपी ही पदवी आहे, मुंबईत अली यावर जंग संस्थेत होते. पण कानाचा त्रास आहे म्हणून कानाच्याच कोर्सला ढकलू नका.

आता तुमचं. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर असतो, आणि माग चालू असताना तुम्ही कसे बोलता ते तुम्हालाच ठाऊक. कापसाचा बोळा चालत नाही, इअरप्लग घाला. मुलीच्या तपासणीच्या दिवशी स्वतःचीही करून घ्या. फक्त आधीचे सोळा तास शेडमध्ये जाऊ नका. आवाजातून आल्यावर कान काही काळ बधिर राहतो आणि रेघ खोटी येते.