मनोविकलता, नशा आणि घातक पदार्थ: फौजदारी जबाबदारी कशावर ठरते?

मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्या व्यक्तीच्या हातून विष, आम्ल किंवा स्फोटक पदार्थामुळे कोणाला इजा झाली, तर भारतीय कायदा तिला दोषी धरतो का, आणि ती नशेत असेल तर उत्तर बदलते का, असे आपण विचारले आहे. मी फौजदारी खटले चालवतो. अशा प्रकरणांत आजाराचे नाव सांगितले की सुटका होते, हा समज मला वारंवार आढळतो आणि तो चुकीचा आहे.

भारतीय न्याय संहितेचे कलम 22 (जुन्या दंड संहितेतील 84) आजाराचे निदान विचारत नाही. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे त्या व्यक्तीला कृत्याचे स्वरूप, किंवा ते गैर अथवा बेकायदेशीर असल्याचे, समजण्याची क्षमताच नव्हती का, एवढेच ते विचारते. या कसोटीचे मूळ 1843 सालच्या इंग्लंडमधील मॅक्नॉटन प्रकरणात आहे. त्यामुळे स्किझोफ्रेनियाची दहा वर्षांची फाइल हजर केली तरी त्या अर्ध्या तासात काय घडले, हा प्रश्न उरतोच. घातक पदार्थांच्या बाबतीत तर तो अधिक अवघड होतो, कारण पदार्थ हाताळण्याची रीतच मनाची साक्ष देते. हातमोजे घातले, बाटलीवरचे लेबल काढले, पेयात विष मिसळून स्वतः मात्र ते प्यायले नाही, या गोष्टी सिद्ध झाल्या तर सरकारी पक्षाला जाणीव दाखवणे सोपे जाते. याउलट, आम्ल पाणी समजून स्वतःच्याही अंगावर ओतून घेणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे.

हा बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, पण तो सरकारी पक्षाइतका जड नसतो. संभाव्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकले तरी पुरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये स्पष्ट केले. शिवाय आरोपीच्या पुराव्याने हेतूविषयीच वाजवी संशय निर्माण झाला, तर त्याचाही लाभ त्याला मिळतो. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात मात्र चित्र उलटे आहे. त्याच्या कलम 35 नुसार गुन्हेगारी मनःस्थिती गृहीत धरली जाते आणि ती नव्हती हे आरोपीला वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते. मला ही तरतूद फार कठोर वाटते.

नशेबाबत न्याय संहितेची कलमे 23 आणि 24 पाहावीत. मादक पदार्थ नकळत किंवा इच्छेविरुद्ध दिला गेला असेल आणि त्यामुळे समज पूर्ण गेली असेल, तर बचाव मिळतो. स्वतःहून नशा केली असेल तर शुद्धीतल्या माणसाला जेवढी जाणीव असती तेवढीच त्यालाही होती असे मानले जाते; हेतू मात्र परिस्थितीवरून ठरवावा लागतो. कारखान्यातील द्रावकाच्या वाफेने भ्रमिष्ट झालेल्या कामगाराला कलम 23 लागू होईल का, हा मला रोचक वाटणारा प्रश्न आहे, कारण वाफ त्याला कोणी ‘दिली’ असे म्हणणे शब्दशः कठीण आहे. तिथे मी जाणीव व हेतू यांच्या अभावावरच युक्तिवाद उभा करीन.

आपल्या प्रश्नात न आलेली एक बाजूही आहे. कलम 286 केवळ विषारी पदार्थ बेदरकारपणे वापरणाऱ्याला नव्हे, तर आपल्या ताब्यातील अशा पदार्थाबाबत पुरेशी काळजी जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे न घेणाऱ्यालाही शिक्षा सांगते. म्हणजे रुग्ण निर्दोष ठरला तरी कीटकनाशकाचा डबा त्याच्या हाताशी उघडा ठेवणारा नातेवाईक आरोपी होऊ शकतो.

कृत्य सिद्ध झाले पण मनोविकलतेमुळे सुटका झाली, तर न्यायालय त्या व्यक्तीला सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा किंवा जबाबदारी घेणाऱ्या नातेवाइकाच्या हवाली करण्याचा आदेश देते. म्हणून वकील गाठताना घटनेच्या आधीच्या आणि नंतरच्या काही दिवसांची औषधचिठ्ठी, डॉक्टरांच्या नोंदी आणि घरच्यांनी पाहिलेल्या वागणुकीचा तपशील आधी गोळा करावा. जुन्या निदानाच्या कागदांची गरज त्यानंतर पडते.