मॉड पॉवेल यांच्या तबकड्या कशा ऐकाव्यात?

प्रश्न : मी पाश्चात्त्य पद्धतीचं व्हायोलिन शिकते. अमेरिकन वादक मॉड पॉवेल यांच्या जुन्या तबकड्या ऐकल्या. आवाज चिरका आणि वाजवणं घाईचं वाटलं. मग त्यांचा एवढा मान का?

उत्तर : घाई बहुधा त्यांची नाही, तबकडीच्या वेगाची आहे. व्हिक्टर कंपनीच्या त्या काळच्या तबकड्यांना आपण सरसकट '78' म्हणतो. पण बऱ्याचशा मिनिटाला 76 फेऱ्यांच्या आसपास कोरलेल्या आहेत. अशी तबकडी 78 वर फिरवली की पट्टी जवळजवळ पाव स्वराने चढते आणि लयही वाढते. संगीतकार मेंडेल्सोनच्या कन्चेर्टोचा (एकल वाद्य आणि वाद्यवृंदासाठीची रचना) त्यांनी वाजवलेला शेवटचा भाग घ्या. त्याची पट्टी ई मेजर, म्हणजे तुमची मोकळी ई तार. स्वर तारेपेक्षा चढा लागला तर वेग सुमारे 2.6 टक्के कमी करा. नुसता स्वर उतरवू नका, लय पळतीच राहील. फरक अगदी थोडा असेल तर सोडून द्या. तेव्हा ए स्वर सगळीकडे 440 हर्ट्झवर नसे, 435 वरही लावत.

चिरकेपणा ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्याचा. मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यात शिरलेल्या आवाजाने पडदा थरथरे आणि सुई मेणात रेघ कोरी. त्यात जी तारेचा खर्ज विरळ होतो, वरचे बारीक नादही गळतात. म्हणून नादमाधुर्यावरून मत बनवू नका. स्वरस्थानं आणि गजाचा दमसास ऐका, तिथे त्या पक्क्या आहेत.

मान मात्र तबकड्यांपुरता नाही. जन्म 1867, इलिनॉयमधलं पेरू गाव. युरोपातल्या शिक्षणासाठी घरच्यांनी राहतं घर विकलं. लाइपझिगला श्राडीक, पॅरिसला दांक्ला, बर्लिनला योआखिम हे गुरू. 1885 मध्ये थिओडोर थॉमस यांच्या संचालनाखाली न्यू यॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर संगीतकार ब्रुखचा जी मायनर कन्चेर्टो वाजवला. मग चायकोव्स्की (1889) आणि सिबेलियस (1906) यांचे कन्चेर्टो अमेरिकेत पहिल्यांदा त्यांनीच ऐकवले. हे मला सगळ्यांत मोठं वाटतं. आज प्रत्येक विद्यार्थी ज्या रचनांमागे लागतो, त्या तेव्हा श्रोत्यांच्या कानांना परक्या होत्या. 1894 मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची तंतुवाद्यांची चौकडी काढली; बाकीचे तिघे पुरुष, नेतृत्व त्यांचं.

हे काम तबकड्यांवरून कळत नाही. सिबेलियसच्या कन्चेर्टोला अर्धा तास लागतो. बारा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेचार मिनिटं मावत.