दारासमोरचं झाड आणि काळी माती

प्रश्न : ताई, आम्ही टेक्ससमध्ये फ्रिस्कोला राहतो. मे महिन्यातल्या वादळात दारासमोरचं ब्रॅडफर्ड पेअरचं झाड मधोमध फाटलं, ते काढावं लागलं. आता जुलैत एचओएचं (घरमालकांच्या संघटनेचं) पत्र आलंय : 30 दिवसांत मंजूर यादीतलं, किमान 3 इंच कॅलिपरचं (खोडाच्या जाडीचं) झाड लावा, नाहीतर दंड. यादीत लाइव्ह ओक, शुमार्ड रेड ओक, सीडर एल्म, चायनीज पिस्ताश आणि रेड मेपल आहेत. मला मेपलचा लाल रंग आवडतो. सासरे म्हणतात, बकाणनिंब लावू, गावच्यासारखी सावली होईल. घराची भिंत ते फुटपाथ अंतर 24 फूट आहे. काय लावू?

उत्तर : मेपलवर आधी काट मारा. मी परभणीची. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. तुमच्या शेजारच्या प्लेनोला आल्यावर पहिल्याच ऑगस्टमध्ये अंगणात तशाच भेगा दिसल्या आणि वाटलं, ही तर आपलीच कापसाची जमीन! तीच काळी चिकणमाती, पावसात फुगणारी आणि उन्हात आकसणारी. शिवाय चुनखडीची. अशा मातीत लोह असूनही मेपलला ते घेता येत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माझ्या शेजारणीनं तीन वर्षं लोहाची खतं घातली, शेवटी झाड काढलं.

सासऱ्यांचं मन मी समजू शकते. पण बकाणनिंब इथं चायनाबेरी म्हणून ओळखला जातो. पक्षी बिया नेतात आणि ओढ्याकाठची स्थानिक झाडं त्याखाली दबतात. त्यांच्यासाठी चाफा कुंडीत लावा, थंडीत घरात घ्या. गॅरेजवर विसंबू नका, फेब्रुवारी 2021च्या गोठणीत वीज गेली आणि माझा दहा वर्षांचा कढीपत्ता गॅरेजमध्येच गेला.

लाइव्ह ओक देखणा, पण त्याचा विस्तार तुमच्या अख्ख्या अंगणाहून मोठा होईल. शुमार्डचा लाल रंग तुम्हाला आवडेल, मात्र त्याला ओक विल्ट या झाड मारणाऱ्या बुरशीच्या रोगाचा धोका आहे. फेब्रुवारी ते जून त्याला कात्री लावायची नाही.

माझं मत सीडर एल्मला. ते इथलंच झाड, ही माती आणि हा उन्हाळा दोन्ही सोसतं. पानं बारीक, त्यामुळे गोळा करायचा त्रास कमी. एकच अडचण म्हणजे त्याचे पराग शरद ऋतूत उडतात. घरात कुणाला त्याची अ‍ॅलर्जी असेल तर पिस्ताश घ्या, पण कलमी नर झाडच मागा. मादीच्या बिया पसरतात. कोणतंही घेतलंत तरी भिंतीपासून 15 फूट तरी लांब लावा. उन्हाळ्यात मुळं माती कोरडी करतात, माती आकसते आणि घराचा पाया हलतो.

आता मुदत. जुलैत लावलेलं झाड जगवणं फार कठीण, म्हणून एचओएला आजच लेखी कळवा : सीडर एल्म निवडलंय, नोव्हेंबरमध्ये लावू, सोबत नर्सरीचं कोटेशन. टेक्ससच्या प्रॉपर्टी कोडच्या प्रकरण 209 प्रमाणे दंडाआधी चूक सुधारायला वाजवी मुदत आणि सुनावणी मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. सुनावणीची मागणी नोटीस टपालात पडल्यापासून 30 दिवसांच्या आत करायची, म्हणून पाकीट जपून ठेवा.

कॅलिपर म्हणजे खोडाची जाडी, एवढ्या झाडाची जमिनीपासून 6 इंचांवर मोजतात. नर्सरीत स्वतः मोजा, लेबलवर विसंबू नका. खणायच्या किमान दोन कामाचे दिवस आधी 811ला फोन करा, जमिनीखालच्या गॅस आणि केबलच्या लाइन्सवर खुणा करून जातात. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण गोळ्याहून खोल अजिबात नको. लावणारी माणसं निघण्यापूर्वी बुंध्याशी वाका : खोड जिथे रुंदावून मुळं सुरू होतात तो भाग उघडा दिसला पाहिजे. दिसला नाही तर तिथल्या तिथे झाड वर उचलून घ्या. नंतर कुणी येत नाही.