टेबलचं हेडिंग प्रत्येक पानावर हवं असेल तर
'अनुक्रमांक, नाव, रक्कम' ही ओळ दर पानावर हाताने पेस्ट करत बसू नका. वर एखादी नोंद वाढली की ती हेडिंगं पानाच्या मधोमध येऊन बसतात. वर्डमध्ये टेबलच्या पहिल्या ओळीत कर्सर ठेवा आणि टेबल डिझाइनशेजारच्या लेआउट टॅबमधलं 'रिपीट हेडर रोज' दाबा. हेडिंग दोन ओळींचं असेल तर पहिलीपासून दोन्ही सिलेक्ट करा, पहिली सुटता कामा नये.

तरीही दिसत नाही? बहुतेक वेळा मध्ये कुठेतरी कंट्रोल-एंटर मारून पेज ब्रेक टाकलेला असतो, म्हणजे पुढचा मजकूर नव्या पानावर ढकललेला असतो. त्याने टेबलच तुटतं, खालचा भाग वेगळं टेबल होतो. तो ब्रेक काढा, टेबल जोडून घ्या. टेबल प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट रॅपिंग 'नन' आहे ना, तेही बघा.