जहाज मावतं, पण वळतं का?

प्रश्न: नमस्कार, नवीन बंदर बांधायच्या आधी म्हणे सिम्युलेटरवर जहाज चालवून बघतात. मोठा पडदा, समोर सुकाणू, म्हणजे व्हिडिओ गेमच झाला की! नकाशावर पट्टी लावून मोजलं तर कळत नाही का जहाज मावतं की नाही ते?

उत्तर: पट्टीने कळतं ते उभं जहाज. चालतं जहाज वेगळंच जनावर आहे हो. त्याला ब्रेक नसतात, आणि सुकाणू फिरवलं की आधी मागची बाजू बाहेर फेकली जाते, मग ते तिरकं घसरत घसरत वळतं. बाजूने प्रवाह किंवा वारा असेल तर सरळ जायलासुद्धा नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, जरा त्याच्याकडे वळवून खेकड्यासारखं जावं लागतं. आता ४०० मीटर लांब आणि ५९ मीटर रुंद जहाज घ्या, ते फक्त ५ अंश तिरकं चाललं तरी पाण्यातला जवळपास ९४ मीटरचा पट्टा व्यापतं. पट्टीवाला ५९ धरून बसलेला असतो.

वाऱ्याचं तर विचारूच नका. एवढ्या कंटेनर जहाजाची पाण्यावरची बाजू म्हणजे साधारण १५,००० चौरस मीटरची भिंत, तिच्यावर ३० नॉटचा (ताशी साधारण ५५ किलोमीटर) वारा आडवा लागला की २०० टनांच्या आसपास रेटा येतो, आणि एक दणकट टग, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणारी-ढकलणारी छोटी बोट, ओढतो ७० टन, म्हणजे तीन टग नुसते जागेवर धरून ठेवायलाच गेले. वारा निम्मा झाला की हाच रेटा पावपट होतो. म्हणून 'किती वाऱ्यापर्यंत जहाज आत घ्यायचं' हा आकडा बंदराची भिंत किती लांब बांधायची याइतकाच महत्त्वाचा, आणि माझ्या मते सिम्युलेटरचा खरा उपयोग तिथेच आहे: जहाज कधी आत घ्यायचं नाही हे ठरवणं.

काम कसं चालतं तर आधी तळाची खोली, भरती-ओहोटीचे प्रवाह, लाटा, वारा, सगळं मॉडेलमध्ये भरतात. मग कॉम्प्युटर स्वतःच सुकाणू धरून भराभर शेकडो फेऱ्या मारतो, त्यातून वाईट पर्याय गळतात. उरलेले खऱ्या पायलटच्या हातात देतात, म्हणजे बाहेरून आलेलं जहाज बंदरात आणणाऱ्या, तिथलं पाणी माहीत असणाऱ्या माणसाच्या. ही फेरी खऱ्या वेळेत, तासभर चालणारं वळण इथेही तासभर. अंधारी खोली, पायलट शांतपणे 'डेड स्लो अहेड', म्हणजे अगदी हळू पुढे, म्हणतोय, आणि शेजारच्या खोलीत बसलेला माणूस ऐन वळणावर इंजिन बंद करून टाकतो किंवा टगचा दोर तोडतो. दुष्टपणा वाटेल, पण बाल्टिमोरला २६ मार्च २०२४ ला 'डाली' जहाजाची वीज गेली, ते पुलाच्या खांबावर आदळलं आणि पुलावर काम करणारे ६ जण गेले. असला प्रसंग आधी पडद्यावर घडलेला बरा.

आणि बऱ्याचदा निष्कर्ष अगदी साधा निघतो: अख्खा चॅनल, म्हणजे जहाजांची खोल पाण्याची वाट, रुंद नका करू, फक्त वळणाची आतली बाजू कापा, अमुक बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) पुढे सरकवा. गाळ काढण्याचा खर्च बघता सिम्युलेटरचं बिल चिल्लर वाटतं.

प्रश्न: मग सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' हे कंटेनर जहाज अडकलंच कसं? तिथे पायलट नव्हते का?

उत्तर: होते की. २३ मार्च २०२१ ला जोरदार वाऱ्यात ते कालव्यात आडवं झालं आणि सहा दिवस तसंच राहिलं. अरुंद पाण्यात जहाज काठाजवळ गेलं की जहाज आणि काठ यांच्यामधलं पाणी जोरात धावतं, दाब कमी होतो, मग मागची बाजू काठाकडे ओढली जाते आणि नाळ उलट्या बाजूला फेकली जाते. त्यात उथळ पाण्यात वेग वाढवला की जहाज खाली बसतं, वेग दुप्पट तर बसणं चौपट. मोठा टँकर कालव्यासारख्या जागेत १० नॉटने गेला तर दीडेक मीटर खाली जाऊ शकतो, म्हणजे वाऱ्याशी झुंजायला वेग वाढवावा तर इकडे ही पंचाईत.

हे सगळं सिम्युलेटरमध्ये दाखवता येतं, पण काठाचा उतार आणि खोली नीट भरलेली असेल तरच. जुना सर्व्हे भरला तर पडदा छान दिसतो आणि उत्तर चुकतं. म्हणूनच काहींचा अजूनही खऱ्या पाण्यावर भरवसा. फ्रान्समध्ये पोर्ट रेव्हेलच्या तळ्यात १:२५ मापाच्या छोट्या जहाजात पायलट स्वतः बसून सराव करतात, गंमत म्हणजे त्या मापात सगळं पाचपट भराभर घडतं, विचार करायला वेळच मिळत नाही!

प्रश्न: पुतणी मर्चंट नेव्हीत जायचं म्हणते पण तिला बोट लागते. सगळं ट्रेनिंग सिम्युलेटरवरच उरकता येईल का?

उत्तर: नाही. रडारचं सिम्युलेटर ट्रेनिंग आंतरराष्ट्रीय नियमाने सक्तीचं आहे, पण डेक ऑफिसर व्हायला प्रत्यक्ष समुद्रावर किमान १२ महिने काढावेच लागतात. आणि खरं सांगू का, काहींना सिम्युलेटरमध्येच जास्त लागते, कारण जमीन जागची हलत नाही आणि डोळ्यांना मात्र सगळं डुलताना दिसतं. चांगले जाणते कॅप्टनसुद्धा तिथे कठड्याला धरून तोल सावरताना दिसतात. मिनिटभर डोळे मिटून उभं राहिलं की बऱ्याच जणांना बरं वाटतं.